अनवाणी पायांसाठी रंग

मंगळवार, दिवेलागण

गेल्या आठवड्यात तात्यांच्या होडीच्या डेकला मी ट्रॅक्टरचा चकचकीत निळा रंग दिला, कारण त्यांच्या मुलीला, लताला, निळा आवडतो. पाणी सांडलं आणि पहिले तात्याच आपटले. "कालेज सोडून ह्येच शिकलास व्हय? आता कोण घसरलं तर हिकडं फिरकायचं न्हाय!" मीही तडकलो, ब्रश उजनी धरणाच्या पाण्यात भिरकावला. पण फिरकायचं नाही म्हणजे लता दिसायची नाही. पोहून ब्रश परत आणला.

सात रस्ता चौकातल्या रंगाच्या दुकानाचे चाचा म्हणाले, "बेटा, चमक नको, पकड पायजे. जुना रंग घासून काढ, दोन डब्यांतला एकत्र मिसळायचा रंग लाव, ओल्यावरच वाळू चाळ." वाळू किती बारीक, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. त्यांची गिऱ्हाइकं बुटातली. आमच्या होडीत सगळे चपला काढून चढतात!

म्हणून तीन फळ्या रंगवल्या, आईच्या तीन चाळण्या पळवल्या. मैद्याच्या चाळणीची वाळू रंगातच बुडाली. गव्हाच्या चाळणीची तळव्याला टोचते. आणि रव्याच्या चाळणीची? माझे पाय राठ, मला काय कळणार?

आज फळ्या कडक वाळल्या. रव्याच्या चाळणीवाल्या फळीवर लताने पाणी ओतलं, अनवाणी उभी राहिली, टाचेवर गिरकी घेतली. "टोचत न्हाय, सरकत बी न्हाय. तात्या, तुमी बगा की."

तात्यांनी एक पाय टेकवला, दाबला, पुन्हा दाबला. माझ्याकडे पाहिलंच नाही. "उद्या लवकर ये. अख्खा डेक घासायचाय."

लवकर म्हणजे किती वाजता? विचारलंच नाही. पाचलाच जाऊन बसतो.