साधं ‘जाते’ म्हणायचं

वसई
ती. जिजाआत्या,

नमस्कार. एकदाच. (पूर्वी तो मनापासून झाला नाही, या भीतीने मी पानभर लिहायचे. आजचाही झालाय की नाही कोण जाणे, पण पोहोचला समज.) तुझे गुडघे कसे आहेत? गिरीजच्या वाडीत केळी कशी लागलीय? इकडे सगळे बरे, माझं डोकं धरून.

माझा मंत्रचळ (डॉक्टर ओसीडी म्हणतात) औषधांना जुमानेना, म्हणून ऑपरेशन झालं, हे तुला ठाऊकच आहे. डोक्यात दोन बारीक तारा आणि छातीच्या वर, कातडीखाली बॅटरी, अशी मी हिंडते आहे. बाबांनी वॉरंटी विचारली. शेजारच्या फेलिशियाआंटी हळूच म्हणाल्या, "आणि लाइट गेली तर गं?" (हिची जात नाही. वसईत राहून असं वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय.)

डॉक्टरबाईंनी परवा नवा स्कॅन दाखवला. मेंदूतला भीतीची घंटा बडवणारा भाग आधी लालभडक होता, तो आता फिकट झालाय. पण तारा फक्त आवाज कमी करतात. घंटा वाजली तरी जागचं न उठणं मेंदूला सरावानेच शिकावं लागतं. म्हणून गृहपाठ मिळाला: कुणीतरी दारातून निघताना ‘जाते’ म्हणायचं आणि मी परत बोलवायचं नाही.

‘जाते म्हणू नये, येते म्हणावं,’ हे तूच शिकवलंस ना? बाकीच्या मुली शिकल्या आणि खेळायला गेल्या. माझ्या डोक्यात ते रुतलं. जो ‘जातो’ म्हणेल तो कायमचा गेला, ही माझी खात्री. मग गॅसवाल्यालाही जिन्यातून परत आणून ‘येतो’ म्हणायला लावायचे. (एक कुरियरवाला खरंच रोज यायला लागला. आई म्हणते, तो विषय वेगळा.)

आता मी तयार, तर म्हणायला माणूस मिळेना! बाबा चपला घालून "निघतो" म्हणतात. ते धरत नाहीत म्हटलं तर रागावतात. आई "जा" पर्यंत पोहोचली, घाबरली आणि "जाऊन येते" म्हणाली. फेलिशियाआंटींनी क्रुसाची खूण केली. "नाय जमणार गं पोरी. ऑपरेशन तुझं झालंय, आमचं नाय." मी डॉक्टरबाईंना व्हिडिओ कॉलवर तक्रार केली. त्या पोट धरून हसल्या आणि कॉल बंद करताना म्हणाल्या, "चल, येते मी."

एकदा मात्र जमलं. पंखा दुरुस्त करणारा "जाता हूँ" म्हणाला. मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले. भीती आली, थोडी थांबली आणि काही न म्हणताच निघून गेली. आत्या, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. (बाबा म्हणतात, हिंदीतलं धरत नाहीत.)

तुझी,
उन्नती

ता. क. रविवारी जेवायला ये. डॉक्टरबाई म्हणाल्या, जिच्या जाण्याची सगळ्यांत जास्त भीती वाटते, शेवटी तिच्याकडूनच म्हणवून घे. मी विचार न करता तुझं नाव सांगितलं. जेवण झालं की दारात साधं ‘जाते’ म्हण आणि मागे न बघता जिना उतर.

ता. क. २. आई विचारतेय, नंतर तिने खिडकीतून हळूच ‘ये हो’ म्हटलं तर चालेल का. मी नाही म्हटलंय. ती म्हणेलच. तू ऐकू आलं नाही असं दाखव. मी तोवर दार लावून भांडी घासायला घेतली असतील. (असं वाटतंय.)