ऋचाने निवडलेली डॉक्टर

गुरुवार, संध्याकाळ, डोंबिवली

ऋचाची पाळी चार महिने अनियमित आहे, हे मला आज कळलं. आई असून! तिने मोबाईलवरून ठाण्यातल्या एका डॉक्टरबाईंची आजचीच अपॉइंटमेंटही घेतलेली. मी म्हटलं, "अगं, खाली आपल्या डॉक्टरकाकू असताना ठाण्याला कशाला?" तिने मोबाईल पुढे केला. त्या डॉक्टरबाईंबद्दल कुण्या मुलीने लिहिलं होतं, 'लग्न झालंय का, असं विचारलं नाही. आधी ऐकून घेतलं.'

"जास्त स्टार असलेल्या दोघी होत्या गं," ऋचा म्हणाली, "पण मी हे वाचून ठरवलं."

मी हट्टाने सोबत गेले. टेंभी नाक्याजवळ छोटासा दवाखाना. ऋचाने मला बाहेरच बसायला सांगितलं, ते जरा लागलं. बसल्या बसल्या डोक्यात तेच वाक्य. आधी ऐकून घेतलं. काकू वाईट नाहीत, पण त्यांचं बोलणं पडद्याबाहेरच्या सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून तर शिंकले, हसले की लघवी होते, हे मी दोन वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही. मग पोरीवर कसली रागावतेय मी?

परतताना रिक्षात म्हटलं, "ऋचा, माझीपण अपॉइंटमेंट घेशील त्यांची?"

काय झालंय म्हणून विचारेल, असं वाटलं होतं. तिने मोबाईल काढला.

"सकाळची घेऊ की संध्याकाळची?"

"सकाळची," म्हटलं, आणि स्टेशन यायच्या आत तिला सगळं सांगून टाकलं. रिक्षावाल्याने ऐकलं असेल तर ऐकू दे.