प्रिंटरच्या पोटाखालची बटणं

वायर मी ओढली न्हवती. आदी हे ऐका, मग नमस्कार.

नमस्कार, सर. तुमी मरून वीस वरसं झाली, पण हे ऐकल्याबिगर सुटका न्हाय. वारणानगरच्या कॉलेजात तुमी कॉम्प्युटर शिकवायचासा, मी खोली झाडायची. चौथी नापास बाई. पण पोरं गेली आन प्रिंटर कुरकुरत बसला की तुमी मलाच शिकवत बसायचासा, दुसरं ऐकणारं हुतं कोण? रुंद वायर दाखवून म्हणालासा, "हितनं एका अक्षराचे आठ तुकडे आठ तारांवरनं एकदम जातात. आठ बायका शेजारी-शेजारी घागरी घेऊन निघाल्यासारख्या. प्रिंटर भरला की उलट सांगतो, थांब. की कॉम्प्युटर थांबतो." मग बारीक वायर. "हितनं तुकडे एकामागं एक. जोतिबाला दर्शनाची रांग असती तशी. पाठवणारा नि घेणारा, दोघांची चाल एक पायजे. न्हायतर सगळी खिचडी." प्रिंटरनं थांब म्हणलं की मशीनसुदिक थांबतं. तुमी कवा कुणाचं ऐकलासा?

हॉलतिकिटं छापायच्या दिवशी बारक्या वायरीवरनं अक्षरांच्या जागी कागदभर नुसती किडामुंगी आली. दारात प्राचार्य उभे. तुमी बोट केलासा माज्याकडं. "ह्या बाईनं झाडताना वायर ओढली." मी म्हणलं, "सर, वायर निघाली तर कागद कोरा ऱ्हाईल की. ह्यो तर भरलाय." "गप बस! झाडू धरायची अक्कल, आणि मला शिकवतीस?" पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासनं मी हॉस्टेलचे संडास धुतले, ते रिटायर हुईस्तवर.

आता माजी नात मशिनी दुरुस्त करती. परवा कारखान्याच्या ऊस काट्यावरचा जुना प्रिंटर घरी घिऊन आली. तीच बारीक वायर, तीच किडामुंगी. तिनं दोन वायरी बदलल्या, तिसरी शोधाय लागली. मी लसूण सोलत म्हणलं, "वायर सोड. पोटाखालची बारकी बटणं बघ, चाल त्यांच्यावर ठरती, ती जुळंना झालीया." तिनं दोन बटणं सरकवली आन अक्षरं नीट आली. "आज्जे, हे कुटं शिकलीस गं?" "झाडू मारताना." तुमचं नाव घेतलं न्हाय. घेणार बी न्हाय.

एक कबूल करती. हॉलतिकिटाच्या आदल्या सांजंला तुमी रिफिलीच्या टोकानं तीच बटणं हलवत हुतासा, मी बघितलं हुतं. तुमी इसरलासा, मी न्हाय. दारात उभं ऱ्हाऊन एवढं सांगितलं असतं तर काम माजं ऱ्हायलं असतं, पण मग बटणं मागं सरकवून तुमीच शाणं ठरला असतासा. तीन दिस तुमी घाम गाळत वायरी बदलत बसलासा. मी रोज बादली घिऊन खिडकीवरनं जायची, बघायची, आन पुढं जायची.

हे पत्र टपालात टाकायचं न्हाय, पिठाच्या डब्याखाली ठेवणार हाय. पण वायर कुणी ओढली, ह्याचं उत्तर तुमच्या लेकानं द्यायचं न्हाय, प्राचार्यांनी न्हाय. तुमीच द्या. मी झाडू धरून उभी हुती तसं, सगळ्यांम्होरं उभं ऱ्हाऊन.