विसर्जनाचा टब

२५ ऑगस्ट, सोमवार

गिझरवर बेडूक! तोंडाला साबण, डोळे अर्धे मिटलेले, हात नळाकडे — आणि पाइपवरचा एम-सीलचा गोळा माझ्याकडे बघतोय. मी अशी किंचाळले की आल्हाद तोंडात ब्रश आणि हातात झाडू घेऊन धावत आला. नवरा म्हणून तेवढं कर्तव्य त्याने केलं. झाडू उगारल्यावर तो गोळा गुळगुळीत टाइलवर सरळ उभा चढला. घसरणं वगैरे काही नाही! बोटांच्या टोकांना टिकल्यांसारख्या गोल चकत्या. ओरडायचं सोडून मी बघतच राहिले.

मागून आई म्हणाल्या, "झाडावरचा आहे तो. काही करत नाही." आणि परत खोलीत गेल्या.

आई म्हणजे सासूबाई. शनिवारी आल्यात इगतपुरीहून. गणपतीपुरत्या. सासरे गेल्यापासून तिथे एकट्याच असतात. जुलैत अंगणात पाय घसरून पडल्या, दूधवाला येईपर्यंत तशाच पावसात पडून होत्या. तेव्हापासून आल्हादचं एकच — आता तिथे एकटी राहायचं नाही. त्यांचंही एकच — दीड दिवस झाला की मला सोडून ये. बॅग दाराशीच. रोज एक साडी काढतात, वाळली की घडी करून परत बॅगेत. कपाटातला एक कप्पा मी रिकामा करून दिलाय, त्यात फक्त चष्म्याचं घर ठेवलंय!

खरं सांगायचं तर त्या गेल्या की मलाही सुटल्यासारखं होईल. भांडण नाही, काही नाही. पण आम्ही दोघीच असलो की काय बोलावं ते सुचत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

विसर्जन घरीच. मागच्या अंगणात, कढीपत्त्याखाली, निळ्या टबात. आईंना पटलं नव्हतं. "टबात? वाहत्या पाण्यात नाही?" मी म्हटलं, शाडूचा आहे, विरघळला की माती झाडांना घालायची. मूर्ती मात्र पाण्यात त्यांनीच सोडली. आधी कान विरघळले. पार अंधार पडेपर्यंत त्या स्टूल टाकून टबाशेजारी बसल्या होत्या.

२९ ऑगस्ट

इगतपुरीत धो धो. आल्हाद म्हणाला, उघडल्यावर सोडतो. आईंनी बॅगेची चेन लावून ठेवली आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

टबाच्या काठाला, पाण्याच्या जरा वर, मुठीएवढा पांढरा फेस. मी तडक कामाच्या मंगलाबाईंना गाठलं. "कपड्यांची पावडर टबात कोणी सांडली? देवाचं पाणी आहे ते!"

"म्या कशाला सांडू ताई? देवाच्या पान्यात हात तरी घालीन का मी?" रागाने भांडी आपटली आणि चहा न घेता निघून गेल्या.

मी घासणी घेऊन आले तर आई आडव्या आल्या. फेसाला हळदकुंकू वाहिलेलं! "राहू दे. बाप्पाचं काहीतरी असेल." आता देवाला फेस येतो का? पण सासूशी वाद कोण घालणार! घासणी ठेवून दिली.

१ सप्टेंबर

वाद घातला नाही ते बरं झालं. आज जवळ जाऊन, मोबाइलची बॅटरी लावून नीट पाहिलं. फेस वरून वाळून खरवडीसारखा झालाय, पण आत बारीक बारीक दाणे. अंडी! गिझरवाल्या बाईंचीच असणार. (बाईच ना? अंड्यांवरून तसंच दिसतं.) लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते आणि घरचा फेस मला ओळखता आला नाही!

मंगलाबाईंना आधी आल्याचा चहा दिला, मग सांगितलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "म्हंजे बेडकीच्या बाळंतपनापायी मी बोलनी खाल्ली!" आई हसल्या. मोठ्याने. मी पहिल्यांदाच ऐकलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

"स्वरदा, ये गं लवकर! पडायला लागले!"

कणीक तशीच टाकून पळाले. फेस खालून ओला झाला होता आणि त्यातून एकेक शेपटीवाला जीव सुटून खाली पाण्यात — टप्. परत टप्. पाणी एव्हाना नितळ झालंय, शाडू तळाला बसलाय. आम्ही दोघी उकिडव्या बसलो होतो आणि प्रत्येक टप्‌ला "हा बघ, हा बघ" करत होतो. कणीक सुकली. पोळ्यांचे पापड झाले. 

७ सप्टेंबर, रविवार

आल्हादने फर्मान काढलं — टब ओतायचा. त्याचंही खरं आहे. गेल्या वर्षी डेंगूने त्याला आडवं केलं होतं. त्याच्या प्लेटलेटचा रिपोर्ट मीच काढला होता, तीनतीनदा मोजून. सध्या लॅबमध्ये रोज तेच चाललंय. दिवसभर लोकांच्या प्लेटलेट मोजायच्या आणि घरी डास पोसायचे, हे काही बरं नाही. मी त्याच्याच बाजूने बोलले.

आई उठल्या. बॅगेतून स्वतःची मच्छरदाणी काढली आणि कात्रीने मधोमध कापली! मच्छरदाणीशिवाय त्यांना झोप लागत नाही. म्हणून तर इगतपुरीहून घेऊन आल्या होत्या. कडेने नाडी ओवली, टबावर ओढून गाठ मारली. "आता कुठून जातील डास?"

"आणि तू रात्री काय घेशील?" आल्हाद म्हणाला.

"पंखा आहे की. यांना पाय फुटले की जाते मी."

आल्हादने माझ्याकडे पाहिलं. मी टबाकडे पाहिलं.

१७ सप्टेंबर

डासांच्या अळ्या तपासणाऱ्या दोन ताई आल्या होत्या. टबात औषध टाकणार म्हणाल्या. आई मध्येच उभ्या — "गणपतीचं पाणी आहे." जाळी दाखवली, बॅटरीने तळ दाखवला, चहा पाजला. अळी एकही सापडली नाही. "आजी, आठवड्याला पाणी बदला मात्र." आजींनी मान डोलावली. आता दर रविवारी आम्ही दोघी मगाने अर्धं पाणी काढतो आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं शिळं पाणी घालतो. प्रत्येक मग आधी डोळ्यांपुढे धरून बघायचा, कोणी आत आलं नाही ना!

२ ऑक्टोबर, दसरा

मागचे पाय!! सुतळीच्या धाग्याएवढे, पण पाय. नाकावर पांढरा ठिपका आहे प्रत्येकाच्या, गंधाचं बोट लावल्यासारखा. आई म्हणतात, बाप्पाच्या पाण्यातले ना! 

पालक आणला की आधी त्यांचा उकडतो, मग आमची भाजी. कॉलनीच्या ग्रुपवर बिबट्याच्या अफवेला ऊत आलाय. कुणाला तरी लांबून मोठं कुत्रं दिसलं असणार. मी टबाचा फोटो टाकला. एकीने विचारलं, "ई! हे काय?" बाकी सगळे परत बिबट्याकडे.

८ ऑक्टोबर

सकाळी जाळी सरकलेली होती. खंड्याने डोळ्यांदेखत एक उचलला. निळा झळाळता पक्षी, चोचीत आमचं पोर! त्याचंही पोट आहे म्हणा. आई धड जेवल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "पडले होते ना मी, तेव्हा एक असाच बेडूक अंगणात होता. किती वेळ माझ्याकडे बघत होता. तेवढीच सोबत."

त्या दिवसाबद्दल त्या कधीच बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या ताटात पोळी वाढली. 

१८ ऑक्टोबर

पुढचेही पाय आले. एक जण जाळीला आतून लटकलेला! शेपूट अजून आहे, पण तोरा बेडकाचा. आईंनी टबात काठी आडवी लावून दिली आणि संध्याकाळची जाळी सोडून ठेवायला लागल्या. "दार उघडं हवं. जायचं त्याला जाता यायला हवं."

आणि मी? मला शेपट्या इतक्या भराभर गळायला नको आहेत. हे कुणाला सांगू!

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

कढीपत्त्याच्या पानावर नखाएवढा बेडूक. पूर्ण! आईंनी लांबूनच पणती दाखवली. फटाके वाजले तरी हलला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

टब रिकामा. शेवटचा परवा गेला. पाणी कढीपत्त्याला, शाडूची माती कुंड्यांत. टब घासून भिंतीला उभा केला. जाळी आईंनी धुऊन, घडी करून ठेवली — बॅगेत.

जेवताना म्हणाल्या, "पाय फुटले. आता मला सोड."

आल्हाद बोलून बोलून थकलाय. "उद्या सकाळी निघू," म्हणाला. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मला तुमची सवय झालीय, तुम्ही तिथे परत पडलात तर? तोंडातून निघालं — "चिवडा देऊ का बरोबर?"

"दे की," म्हणाल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उठून टब परत कढीपत्त्याखाली ठेवला आणि काठोकाठ भरला. आई आंघोळ करून आल्या, बघत उभ्या राहिल्या.

"अगं, आता कुठले येतात? आता थेट पुढच्या पावसाळ्यात."

"मग थांबा ना तोवर."

आल्हाद गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. आई आत गेल्या, बॅगेची चेन उघडली आणि जाळी घेऊन आल्या. "एक टोक धर," म्हणाल्या.