बारावी घागर

१२ एप्रिल

आलो एकदाचे! सुरतेत एसटीत बसताना ज्योतीनं लोणच्याची बरणी मांडीवर घेतली ती चोपड्यात उतरेपर्यंत सोडली नाही. सातवा महिना तुला लागलाय की बरणीला, असं मी चिडवलं. तिनं चिमटा काढला. असे हसतहसतच आम्ही नव्या घराचं कुलूप उघडलं.

घर म्हणजे गावाबाहेर शिरपूर रस्त्यावर स्लॅबच्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड. शेडमध्ये रुपचंद नानांची खानावळ. नाना माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. मूलबाळ नव्हतं. दिवाळीत गेले आणि जाताना सांगून गेले, की खानावळ कुंदनला द्या, तो आचारी आहे. नऊ वर्षं हॉटेलात दुसऱ्याच्या नावावर भाज्या परतल्या, आता माझ्या नावावर परतीन. मागं केळीच्या बागा आहेत, आणि पार तिकडं बांधावर एक निंब.

ही वही ज्योतीनं पाककृती लिहायला दिली होती. पाककृती माझ्या हातात असतात, त्या काय लिहायच्या? म्हणून हे असलंच लिहीन. इथं येण्याचं खरं कारण एकच आहे, ज्योतीला सुखानं पोटभर खाऊ घालणं. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात हातातोंडाशी आलेला घास गेला. ती तीन महिने बोलली नव्हती. या वेळी मी तसं होऊ देणार नाही.

१५ एप्रिल

माळ्यावर तांब्याचं मोठं तपेलं सापडलं. कडेला सरकारी बाणाची खूण आणि नंबर. हे माझ्या पणजोबांचं, हिलाल आबांचं. दुसऱ्या महायुद्धात आबा ब्रह्मदेशात फौजेबरोबर होते, पण बंदूक घेऊन नव्हे, झारा घेऊन. फौजेत आचाऱ्याला लांगरी म्हणतात. भिंतीवर त्यांचा फोटो आहे. खाकी हाफ पँट, हातात हेच तपेलं, आणि चेहरा असा, की फोटोवाल्यानं नुकतंच डाळीत मीठ कमी असल्याचं सांगितलंय. सरकारी तपेलं घरी कसं आलं हे आपण विचारायचं नाही. पण आचारीपण माझ्यात कुठून उतरलं ते कळलं आणि उगीच छाती फुगली.

तपेलं चोपड्यात हबीब चाचांकडं कल्हईला नेलं. त्यांनी लगेच ओळखलं. नाना दरसाल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आणायचे म्हणे. चाचांनी ते उजेडात फिरवून दाखवलं. सगळी भांडी तळाला झिजतात, हे आतून कडांना झिजतं, वरपासून खालपर्यंत. कुणी बोटं फिरवून चाटून खावं तसं, म्हणाले. माझा आबा चांगला स्वयंपाक करत असणार, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत.

२० एप्रिल

खानावळ जोरात आहे. केळीच्या गाड्या भरणारे मजूर दुपारी येतात. त्यांचा मुकादम पुना, पन्नाशीचा माणूस, माझ्या भरताला मान डोलावतो म्हणजे परीक्षा पास झाली. ज्योतीनं आज कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, तीन भाकरी खाल्ल्या. मी गुपचूप मोजल्या.

पुनानं एक विचारलं: "भाऊ, निंबखाले कव्हय जाशी?" निंबाखाली कधी जाणार म्हणजे काय, मला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं, की बरोबर बाराच्या ठोक्याला नाना तपेल्यातली पहिली डाळ आणि अकरा भाकरी बांधावरच्या निंबाखाली नेत. अकरा ताटं वाढत आणि मागं न बघता परत येत. त्यानंतरच खानावळीत पहिलं ताट लागे. नाना गेल्यापासून पुनाच घरून भाकरी नेऊन ठेवत होता म्हणे. शिरपूरला नानांची थोरली बहीण, ताईबाई अक्का असतात, त्यांना फोन केला. अक्का म्हणाल्या, ते आबांबरोबर लढाईत असलेले अकरा जण, तिकडंच राहिले, त्यांच्या नावानं वाढतात. नेम मोडू नकोस. बाकीचं समोर बसून सांगेन, फोनवर नाही.

आता मीही नेतो. ऊन चव्वेचाळीस, अंतर अर्धा किलोमीटर, जीव नुसता कासावीस होतो. संध्याकाळी ताटं आणायला जातो तर ती स्वच्छ, एकावर एक रचलेली. बागेतले मजूरच जेवत असणार. कुणाच्या का पोटात जाईना.

३० एप्रिल

आखाजी झाली. नानांची पहिलीच, म्हणून ज्योती माहेरी गेली नाही. रीतीप्रमाणे नानांचं डेरगं, वर्षाच्या आत गेलेल्याचा मोठा माठ, भरलं, आबांची घागर भरली, वर डांगर, आंबा, सांजोरी ठेवली. गोवरीच्या निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकली आणि नाव घेऊन पितरांना जेवायला बोलावलं.

आणि मी माझी एक कल्पना लढवली. कुंभाराकडून अकरा छोट्या घागरी जास्तीच्या आणल्या होत्या. ऐंशी वर्षं त्या बिचाऱ्यांना आपण बांधावर वाढतोय, उंबऱ्याच्या आत एकदाही बोलावलं नाही, याची मला लाज वाटली. खरं सांगायचं तर उन्हातली पायपीटही नको झाली होती. शेडच्या भिंतीशी अकरा घागरी ओळीनं मांडल्या. नावं माहीत नव्हती म्हणून मोठ्यानं म्हणालो, ब्रह्मदेशात राहिलेल्या अकराही जणांनो, यापुढं बांधावर नको, घरीच जेवायला या.

ज्योतीला ते फार आवडलं. पुनाचा घास मात्र हातातच राहिला. आगारीचा धूर वर गेला नाही. जमिनीलगत सरकत सरकत उंबरा ओलांडून घरात गेला. वारा तसा होता.

२ मे

दोन दिवस जेवण कमी पडतंय. चाळीस जणांचं करतो, तिसाव्या ताटाला तपेल्याचा तळ दिसतो. सुरतेत माझा अंदाज कधी चुकला नव्हता. हात जड झाला असेल, झारा भरून जास्त वाढत असेन.

घागरी रोज भरतो, बारा वाजून गेले की कोरड्या होतात. मे महिना आहे, एवढं चालायचंच. स्वयंपाकघरात फरशीवर चिखल होता. लाल, ओला, गवताची पाती चिकटलेला. इथली माती काळी आहे, आणि पाऊस पडून सहा महिने झालेत.

४ मे

पुना आणि त्याची माणसं यायची बंद झाली. पुना सांगायला आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. इथं जेवून उठलं की जास्तच भूक लागते, गाडी भरताना हातपाय कापतात. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

बारा वाजता मी रिकाम्या शेडमध्ये उभा होतो. पत्र्याच्या ताटांवर चमचे वाजले. आधी एक, मग सगळे. सावकाश, एका लयीत. माझी सगळी ताटं मांडणीवर होती.

ज्योतीनं आज नऊ भाकरी खाल्ल्या. मला आनंद व्हायला हवा होता. दहावी मागताना ती रडत होती.

६ मे

डॉक्टरीणबाईंनी ज्योतीला वजनकाट्यावर उभं केलं. पंधरा दिवसांत चार किलो कमी. बाळाची वाढ थांबलीय. असंच राहिलं तर बाळाची खात्री देता येणार नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. काय खायला घालता, असं मलाच विचारलं. मला, आचाऱ्याला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारचीच गाडी धरून तिला धुळ्याला माहेरी पोचवलं. दूर गेली म्हणजे सुटेल. सासूबाईंच्या, प्रमिलाबाईंच्या, हातचं तरी तिच्या अंगी लागेल.

८ मे

लागत नाही. सासूबाईंचा फोन आला. बारा वाजले की ज्योती ताटावर बसते, खात राहते, आणि खातानाच वाळत जाते. त्या वेळी घरात ओल्या कपड्यांचा वास सुटतो. धुळ्यात. ज्योती त्यांना म्हणाली, आई, माझ्या आधी कुणीतरी जेवतंय.

घागरी भरायला गेलो. भिंतीशी बारा होत्या.

मी अकरा आणल्या होत्या. बारावी टोकाला, नवी, बाहेरून ओली. घरात नानांनंतर अजून कुणी गेलेलं नाही. कुणी जाणार असेल तर — नाही. तो विचार मी लिहिणार नाही. दगडानं फोडली. खापऱ्या रस्त्यापलीकडं फेकल्या.

९ मे

बारावी परत आहे.

सकाळीच शिरपूरला अक्कांकडं गेलो. सगळं सांगितलं, घागरींचंही.  मग अक्का बोलल्या.

ब्रह्मदेशात एका नाल्यापलीकडं अकरा जणांची चौकी होती. आबांनी रोज बाराला तिथं जेवण पोचवायचं. पाऊस, पूर, गोळीबार. एक दिवस आबा नाल्याच्या काठावर घाबरून खाली बसले. उठवेना. भूक लागली म्हणून त्यांच्या जेवणातलंच थोडं खाल्लं, उरलेलं पाण्यात ओतलं, आणि परत येऊन हवालदाराला सांगितलं, दिऊन ऊनू. वाढून आलो. दुसऱ्या दिवशी तेच. असे नऊ दिवस. पूर ओसरल्यावर माणसं गेली तेव्हा ते अकरा जण तापानं फणफणून, उपाशीपोटी, ओळीनं बसल्याजागी गेलेले होते. प्रत्येकासमोर रिकामं ताट. शेजारी एक जागा सोडलेली, तिथं बारावं ताट. लांगरी येईल, तोही दमलेला असेल, त्यालाही जेवायला बसवू, म्हणून.

अक्का म्हणाल्या, त्यांना राग नाही, ते अजून जेवणाची वाट बघताहेत. "त्यास्ले वाटस, जेवन येवानं शे." आबांनी त्यांना सगळा जन्म बांधावर थोपवलं, नानांनी थोपवलं. वाढायचं आणि वळायचं. त्यांच्या पंगतीला कधी बसायचं नाही, कारण तिथं लांगऱ्याची जागा धरलेली आहे. "आनी तू त्यास्ले घर दखाडं."

बारावी घागर बाळाची का, हे मी विचारलं.  अक्का म्हणाल्या, बाळाची नाही. पण ज्याची आहे त्यानं उचलली नाही, तर ते घरातल्या कुणालाही तिथं बसवतील. ज्यानं बोलावलं त्यानंच पुढं चालून त्यांना परत न्यायचं.

नेल्यावर मी परत यायचं ना, असं विचारलं. अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा टाकायला उठल्या.

११ मे

काल निघालो होतो. तपेलं डोक्यावर. बागेच्या कडेला पोचलो आणि मागून पावलं ऐकू आली. चिखलातून पाय उपसल्यासारखी. कोरड्या मातीवर.

 पाण्याच्या पाटाच्या कडेला बसलो. डाळ तिथंच ओतली. घरी आलो. सासूबाईंचा फोन आला तर म्हणालो, वाढून आलो. काळजी करू नका.

तोंडातून निघाल्यावर कळलं मी काय बोललो.

१२ मे

ज्योती दवाखान्यात. सलाईन लावलीय. फोनवर माझं नाव घेतलं आणि भाकरी मागितली. आवाज म्हातारीसारखा.

बाळाचे ठोके मंद.

उद्या. नाही बसणार पाटाच्या कडेला. आबा, नाही.

१३ मे

साडेअकरा. अकरा भाकरी, डाळ. बारावी घागर काखेत. वही घेतली, लिहिलं की धीर येतो. निघतो.

मागून येताहेत. वळत नाही. पाटाशी थांबलो नाही. थांबलो नाही!

निंब. बसले. तोंडाकडं बघत नाही, हात तेवढे दिसतात. पांढरे, भिजून सुरकुतलेले. ताटं पुढं करतात.

वाढलं. सगळ्यांना. खरं सांगितलं त्यांना, की त्या नऊ दिवसांत कुणी आलंच नव्हतं. चमचे क्षणभर थांबले. मग परत —

फोन. सासूबाई. ज्योतीनं अर्धी भाकरी खाल्ली आणि नको म्हणाली. नको म्हणाली! पोट भरलं म्हणाली. बाळ हललं. मी इथं मोठ्यानं रडतोय, कुणी हसत नाही.

आता कुणी जेवत नाही. माझ्याकडं बघताहेत बहुतेक. टोकाला बारावं ताट. मी मांडलं नव्हतं.

तपेलं उचललं, वळलो. दहा पावलं — फोन. ज्योती परत भाकरी मागतेय. किंचाळून —

परत आलो. फोनवर आवाज थांबला. झोपली म्हणे.

म्हणजे असं आहे तर.

ते सरकलेत. जागा केलीय. माती गार आहे, ओली. एकानं माझ्या ताटात भाकरी मोडून घातली, आई घालते तशी. भूक लागलीय मला. किती दिवसांची —

डाळ गरम आहे. मीठ कमी पडलं माझ्याकडून. ज्योती, दोनच घास खातो आणि ये