दारू न पिता जाणारा तोल

१२ नोव्हेंबर, बुधवार
धाकटे भावजी पेणहून आले. दारातूनच, "वैनी, दादा हल्ली घेतो काय? रोह्याच्या स्टँडवर झोकांड्या खात होता." हे दारूला शिवतसुद्धा नाहीत. पण चाल बिघडलीय खरी. टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर चालतात. विचारलं की, "टाकीत वाकून वेल्डिंग करतो गो, कंबर धरते."

१७ नोव्हें.
न्हाणीतून मागे सरताना हे पाठीवर आडवे. हात टेकायचं पण सुचलं नाही. उठवलं तर हसायला लागले, हसू थांबेना. मग रडू. एरवी चेहरा कोरा. सोनल विचारते, "आई, बाबा माझ्यावर चिडलेत?" नाही गं बाई. दमले मी.

२५ नोव्हें., पनवेल
मेंदूचे डॉक्टर. औषधाआधी काम विचारलं.
"वेल्डर. कंत्राटी."
"बंद जागेत?"
"टाकीच्या आत."
"तोंडाला काय लावता?"
"रुमाल."
डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मेंदूचा फोटो काढला, रक्त घेतलं.

२ डिसें.
रिपोर्ट. मँगनीज. वेल्डिंगच्या धुरातून हा धातू अंगात जातो, मेंदूत साठतो. कंपवातासारखं दिसतं पण ते नव्हे, त्यामुळे त्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. धूर बंद केला तर वाढणार नाही, कदाचित. "गेलेलं परत येईल?" डॉक्टर म्हणाले, बघू. येताना गाडीत दोघंही झोपलो.

५ डिसें.
हे कंत्राटदाराकडे गेले होते. तो म्हणतो, बाकीचे पण तोच धूर खातात, त्यांना कुठे काय झालं? गेटवर बसायचं काम बघतो म्हणाला. बघतो म्हणजे...
संध्याकाळी दत्ताभाऊ आले, टाकीत यांच्याच जोडीला असतात. हे आत पडलेले. हळूच म्हणाले, "वैनी, सुरवातीला दादाला काय व्हायचं?" झोप उडाली, चिडचिड, अक्षर बारीक होत गेलं. मी एकेक सांगत गेले. त्यांनी चहा घेतलाच नाही.

११ डिसें.
नवी टाकी आलीय, यांना बोलावणं. मी नाय म्हटलं. हे पण नाय म्हणाले. सुटल्यासारखं झालं.

१३ डिसें., शनि.
त्या टाकीत दत्ताभाऊ उतरलेत. कळल्यापासून हे जेवले नाहीत. "सांगून येतो त्याला." एकटं कसं सोडू, संध्याकाळी मी पण त्यांच्या घरी गेले. यांच्या जिभेला जड पडतं आता, एक वाक्य चार ठिकाणी अडलं. दत्ताभाऊंनी सगळं ऐकून घेतलं.
"व्हय दादा. पण मला अजून नीट चालता येतंय ना."
त्यांची बायको स्वैपाकघराच्या दारात उभी. तिला काहीच ठाऊक नव्हतं. निघताना रस्त्यापर्यंत आली, माझा हात धरून म्हणाली, "ताई, खरं सांगा." सांगितलं.
उद्या रविवार, पण दत्ताभाऊंची त्याच टाकीत शिफ्ट आहे, म्हणाली.