साडेपाच मीटरवरची माती

४ मार्च
धाकटीच्या स्वयंपाकघरात भिंतीला तिरकी भेग, ओट्यापासून खिडकीपर्यंत. बोट घातलं तर नखभर आत गेलं. "ताई, अशी बघू नकोस गं. प्लास्टर आहे नुसतं."

तिच्या खिडकीतून नदीचं वळण आणि जुनं शहर दिसतं. जुन्या लोकांनी घरं बांधली ती काळ्या कातळावर. तटबंदीचा चिरा हललेला नाही. ही टेकडी मात्र नदीनेच कधीकाळी आणून टाकलेली — गोटे, वाळू, मधे निळसर चिकणमाती. भिजली की साबण! अकरा वर्षांपूर्वी इथे जमीन तपासायला बोअर घेऊन मीच लिहून दिलं होतं की चिकणमाती खोल आहे, बांधायला हरकत नाही. त्या भरवशावर धाकटीने घर घेतलं.

५ मार्च
कामात लक्ष नाही. ऑफिसच्या गोदामाची किल्ली मागून घेतली.

६ मार्च
जुन्या पेट्या सापडायला दोन तास लागले. शिंकून शिंकून जीव गेला. बोअरमधून निघालेल्या दगडमातीच्या कांड्या पेटीत ओळीने ठेवतात. ड्रिलर प्रत्येकीवर लाल बाण काढतो, टोक जमिनीच्या वरच्या बाजूला. पाच ते दहा मीटरची पेटी उघडली आणि माझ्या नोंदीशी ताडली. पेटी मी शेवटाकडून वाचली होती! चिकणमाती साडेनऊवर लिहिली, ती आहे साडेपाचवर. टेकडी तासून घरं बसवली तेव्हा वरची तीन-चार मीटर गेलीच. म्हणजे घरांचा पाया त्या मातीला जवळजवळ टेकलाय.

पेटीवरच बसून राहिले.

७ मार्च
त्या बोअरचे ड्रिलरकाका निवृत्त झालेत, त्यांच्या घरी गेले. कुंड्यांना पाणी घालत होते. "मॅडम, मी तेव्हाच बोललो होतो, पेटी फिरवून बघा. तुम्ही म्हणालात, काका, मला शिकवू नका." मला आठवत नाही. पण म्हणाले असेन. नोकरी नवी होती, डोक्यात हवा गेलेली.

८ मार्च
साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. रजेचं काहीतरी विचारून परत आले.

९ मार्च
धाकटीला फोन लावला. "ताई, कोणी आलंय, नंतर बोलू?" इतकं बरं वाटलं मला! एक नंबरची भित्री आहे मी. नोकरी गेली तर जाऊ दे. ती म्हणेल, "तू सांगितलंस म्हणून घेतलं," त्याची धास्ती आहे.

१० मार्च
उद्या नक्की.

११ मार्च
धाकटीकडे जाऊन सांगितलं, एका दमात. धाकटी रडली नाही, भांडली नाही. "काल विकलं गं घर. तुझाच अहवाल दाखवला घेणाऱ्यांना. शनिवारी येतायत राहायला, बाळ लहान आहे त्यांचं." चार दिवस माझी वाचा कुठे गेली होती!

मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, तू मला हे सांगितलंच नाहीस, समजलं?"

मी त्या लोकांचा नंबर मागितला. तिने उठून दार उघडून धरलं.